रोहण्याच्या फोनवर सेटिंग्ज कोणी सांगितल्या?

आर्वीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. अकरा वर्षं झाली. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, वरचा मजला, खाली झेरॉक्सवाला. लोक मशीन घेऊन येतात आणि सांगतात, "मॅडम, आपोआप बंद पडते", "फाइल आपोआप उडाली". मी त्यांना सांगते, आपोआप काही होत नसतं, कोणीतरी बटण दाबलेलं असतं. भूत, भानामती, अंगात येणं... आमच्या घरी सासूबाईंपासून सगळे मानतात. मी कधीच मानलं नाही. या ग्रुपवरचे असले अनुभवसुद्धा मी जेवताना टाइमपास म्हणून वाचायची. त्यामुळे हे लिहिताना खरं तर लाज वाटतेय. पण गेल्या हिवाळ्यापासून हे डोक्यातून जात नाहीये, आणि यात एक गोष्ट अशी आहे जी मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही.

आर्वीजवळच्या रोहणा गावच्या एक काकू एके सकाळी दुकानात आल्या. साठीच्या असतील. चादरीत गुंडाळलेला सीपीयू आणि पिशवीत विमानाचा जॉयस्टिक. बसमधून मांडीवर घेऊन आल्या होत्या.

"आमच्या घरच्याइचं विमान बंद पडलं," त्या म्हणाल्या.

मला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं. यजमानांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं, दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. दुकान आता पुतण्या बघतो. पुण्याच्या मुलीने बापाचा वेळ जावा म्हणून आपला जुना कॉम्प्युटर दिला आणि त्यात फ्लाइट सिम्युलेटर टाकून दिला — म्हणजे स्क्रीनवर खऱ्यासारखं विमान चालवायचं. आता काका दिवसभर तेच करतात. तीन दिवसांपूर्वी अपडेट सुरू असताना लाइट गेली, आणि तेव्हापासून उघडायचं नाव नाही.

"नवीन टाकून देते न काकू, काही अवघड नाही."

"नवीन टाकजो, पण त्याइचं सेटिंग जाऊ देऊ नको बेटा. डाव्या हाताचं सेटिंग हाये ते. एकेक बटन त्याइनं सोता बसवलं. वर्ष लागलं. तीन दिवसांपासून जेवून नाई राह्यले बरोबर."

सिम्युलेटर मी आधी दोनदा दुरुस्त केले होते. पद्धत साधी आहे. सेटिंग्जचं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करायचं, बिघडलेला प्रोग्राम काढून टाकायचा, नवीन टाकायचा, आणि जुनं फोल्डर परत त्याच्या जागी ठेवायचं. मी फोल्डर कॉपी केलं. प्रोग्राम काढताना त्याने विचारलं, 'सेटिंग्ज ठेवायच्या का?' माझ्याकडे कॉपी आहे म्हणून मी 'नाही' दाबलं. मोठा डाउनलोड होता, दीड दिवस गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी पेन ड्राइव्ह उघडला. तर त्यात फोल्डर नव्हतंच. मी फोल्डरऐवजी त्याचा शॉर्टकट, म्हणजे नुसता पत्ता, कॉपी केला होता! अकरा वर्षांत असं कधी केलं नव्हतं. फाइल परत मिळवायची सॉफ्टवेअर चालवून पाहिली — त्याच जागेवर नवीन डाउनलोड बसलेला, काही हाती लागलं नाही. ऑनलाइन जपून ठेवायची सोय असते, ती त्यांच्याकडे बंद होती. संपलं. एका माणसाने एका हाताने वर्षभर बसवलेलं मी एका क्लिकमध्ये पुसून टाकलं होतं.

मग म्हटलं, लपवण्यात अर्थ नाही. काकूंच्या मोबाइलवर फोन लावला. दुपारचे पावणेतीन वाजले होते, भिंतीवर घड्याळ समोरच आहे.

चार-पाच रिंगनंतर उचलला. पुरुषाचा आवाज.

"हं, कोन?"

"काका का? मी आर्वीहून बोलते, कॉम्प्युटरवाली."

"बोल न बाई."

मी सगळं सांगितलं. शॉर्टकट वगैरे त्यांना काय समजणार, पण तेही सांगितलं. सांगता सांगता माझाच आवाज फाटला. मग तो माणूस म्हणाला, "गेलं तं गेलं. रडतं काऊन? वही घे. लिहून घे."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. घाई नाही, अडखळणं नाही, एकेक शब्द सुटा. कुठल्या बटणाला ब्रेक, कुठल्या बटणाला चाकं. थ्रॉटल — म्हणजे वेग कमीजास्त करायची पट्टी — उलटी करायची. दांडा वळवण्याची संवेदनशीलता पस्तीस. खुर्चीची उंची तीनदा वर. विमान सुरू होण्याची जागा म्हणून अक्षांश-रेखांश सांगितले, दशांशाच्या पुढे चार-चार आकडे. मी मध्येच विचारलं, "काका, हे सगळं पाठ आहे तुम्हाला?" तर म्हणाले, "दुसरं काय काम हाये मले?"

मी लिहीतच गेले. ते जे बोलतील ते जसंच्या तसं, कारण आता आणखी चूक नको होती. सत्तावीस ओळी झाल्या. शेवटची ओळ त्यांनी सांगितली आणि फोन कट झाला. मी परत लावला नाही, काम झालं होतं. संध्याकाळपर्यंत सगळं बसवलं. ते अक्षांश-रेखांश नकाशावर टाकून पाहिले, रोहण्याच्या बाहेरचं एक शेत आलं.

रविवारी मी स्वतःच मशीन घेऊन रोहण्याला गेले. चूक माझी होती, म्हटलं घरी जाऊन बसवून द्यावं. काका खुर्चीत बसलेले, उंचेपुरे, पांढरा सदरा, उजवा हात मांडीवर ठेवलेला. मला बघून डावा हात वर केला. काकू त्यांच्या कानाशी वाकून ओरडल्या, "मॅडम आल्या! विमान आनलं!" मी वायरी जोडल्या, सिम्युलेटर सुरू केला. काकांनी जॉयस्टिक हातात घेतला, एकेक बटण दाबून पाहिलं. ब्रेक. चाकं. उलटी पट्टी. दर वेळी मान हलवायचे — बरोबर. विमान त्या शेतातून उठलं, खाली हिरवे-करडे चौकोन पसरले, आणि काका हसले. चेहऱ्याची एकच बाजू हसली, पण हसले.

मला इतकं हलकं वाटलं की मी म्हणाले, "काका, त्या दिवशी फोनवर तुम्ही सगळं सांगितलं म्हणून वाचले मी."

काकू चहाचे कप घेऊन येत होत्या, दारातच थांबल्या.

"कोनाशी बोलली तू?"

"काकांशी. मंगळवारी दुपारी. तुमच्या मोबाइलवर."

"बेटा, झटका आला तेव्हापासून ते बोलले नाईत. एक शब्द नाई."

मी काकांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. विमान स्क्रीनवर आपलं आपलं चाललं होतं.

मंगळवारी चतुर्थी होती. काकू मंडळाच्या बायकांबरोबर केळझरला गणपतीला गेल्या होत्या, मोबाइल चार्जिंगला लावलेला घरीच विसरला. काका एकटे होते. शेजारीण बारा वाजता जेवण देऊन गेली ती थेट पाचला आली. काकूंनी मोबाइल आणला. त्यात मंगळवारी दुपारी पावणेतीनचा माझा कॉल होता — मिस्ड कॉल. उचललेला नाही. मी माझा फोन काढला. त्यात तोच कॉल, तोच नंबर, अठ्ठावीस मिनिटं. दोन्ही फोन आम्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बघत बसलो.

"तुमी बोलले काय?" काकूंनी काकांना विचारलं. या वेळी त्या ओरडल्या नाहीत.

काकांनी मान हलवली. नाही.

मी पर्समधून वहीचं पान काढलं. काकू वाचायला लागल्या, बोट ठेवून, हळूहळू. आकडे, बटणं, त्यांना त्यातलं काही समजत नव्हतं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. मी घाईत तीही इतरांसारखीच लिहिली होती. हेडफोनच्या आवाजाबद्दल काहीतरी असेल असं समजून मी ती तशीच सोडून दिली होती.

'सत्तावीस. कुसुमले सांगजो, मले ऐकू येते. एवढ्या जोरानं नको बोलत जाऊ.'

काकू खाली बसल्या, जमिनीवरच. पान छातीशी धरलं. मग त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मले वाटे त्याइले ऐकू येत नाई. दोन वरसं मी बोंबलून राह्यली..." काकांनी डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.

मी नंतर सगळं तपासलं. काकूंच्या मुलीला पुण्याला फोन केला. तिने प्रोग्राम टाकून दिला होता, पण कुठलीही सेटिंग तिला माहीत नव्हती. पुतण्याने तर ते मशीन कधी चालू केलेलं नाही. काकांवर उपचार करणाऱ्या वर्ध्याच्या डॉक्टरांना काकूंनी विचारलं. ते म्हणाले, अशा पेशंटच्या तोंडून कधी एखादी शिवी किंवा गाण्याची ओळ निघते, पण अर्धा तास आकडे सांगणं शक्य नाही. मोबाइल कंपनीत विचारलं, तिथला मुलगा म्हणाला नेटवर्कचा गोंधळ असेल. असेल. पण नेटवर्कच्या गोंधळात सत्तावीस ओळी बरोबर कशा येतात? माझ्या मैत्रिणीचं म्हणणं, त्या फाइली मी आधी कधीतरी उघडून पाहिल्या असतील आणि टेन्शनमध्ये मला भास झाला. मी फाइली उघडल्या नव्हत्या. आणि काकूंचं कुसुम हे नाव? माझ्या रजिस्टरमध्ये फक्त 'रोहणा काकू' लिहिलं होतं. नाव मला त्या ओळीतून कळलं.

आता ती न सांगितलेली गोष्ट. त्याच रविवारी, मी निघायच्या आधी, काकूंनी मोबाइलमध्ये एक जुना व्हिडिओ लावला. पुतण्याच्या लग्नातला, झटक्याच्या आधीचा. त्यात काका कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, "काढ न बावा फोटो लवकर, जेवाले उशीर होऊन राह्यला." काकूंनी तो दोनदा लावला. आणि मला विचारलं, "असाच होता का आवाज? हाच न?"

व्हिडिओतला आवाज भारदस्त होता, खर्जातला, जरा खरखरीत. फोनवरचा आवाज पातळ होता, थोडा नाकातला, वयाने बराच लहान. त्या दोन आवाजांत काही म्हणता काही साम्य नव्हतं.

काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी म्हणाले, "हो काकू. हाच."

त्यांनी डोळे पुसले आणि मोबाइल पदराखाली घेतला. मी मान वळवली तर काकांनी जॉयस्टिक सोडला होता. ते सरळ माझ्याकडे बघत होते, आणि त्यांनी मान हलवली — एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, काकूंना दिसणार नाही इतकी हळू. मग परत स्क्रीनकडे वळले आणि विमान खाली उतरवायला लागले.

मला आजपर्यंत कळलेलं नाही. 'तो मी नव्हतो' असं म्हणत होते ते, की 'तिला खरं सांगू नकोस' असं?