साध्या खोक्यातला केक

दादाची नोकरी सुटली तेव्हा वहिनीने सिविल लाइंसमध्ये एका मोठ्या केक कंपनीची फ्रँचायझी घेतली. मी तोंडावरच म्हणाले, "दुकान तुझं, पाटी त्यांची, नियमही त्यांचेच. काहून हा ताप घेऊन राहिली तू?" ती नुसती हसली. पुढे त्याच दुकानावर घर चाललं आणि मी गप्प बसायला शिकले. म्हणजे, थोडंफार.

केक भोपाळहून कंपनीच्या गाडीने यायचे. बाहेरचा केक विकला की करार रद्द! करार नवा करायला कंपनीचे साहेब यायचे होते, त्याच आठवड्यात गाडी रस्त्यात बंद पडली. नेमकी त्या दिवशी एका फौजीच्या लेकीच्या पहिल्या वाढदिवसाची ऑर्डर होती आणि त्याला संध्याकाळीच ड्युटीवर परतायचं होतं.

"पैसे परत कर आणि मोकळी हो, कंपनीच तसं सांगते," मी म्हणाले.

"ताई, कंपनी भोपाळला बसली आहे. त्या लेकराच्या आईला तोंड मला दाखवायचं आहे."

घरी जाऊन तिने कुकरमध्ये रवा-दह्याचा केक केला, वर साय घोटून लावली. कंपनीचं चकचकीत खोकं मात्र घेतलं नाही. मिठाईवाल्याकडून साधं आणलं. "त्यांनी न केलेल्या केकवर त्यांचं नाव कसं टाकू?" फौजीचे पैसे परत केले आणि केक स्वतः नेऊन दिला, "भैया, ये हमारे घर का है" म्हणत.

दोन दिवसांनी साहेब आले. वहिनीने आपणहून सगळं सांगून टाकलं! मी तिला चिमटा काढला, पण ती कुठली थांबते. माझा जीव टांगणीला. साहेब बराच वेळ कागद चाळत राहिले. मग हळूच म्हणाले, "वैसे दीदी, इतवार को मेरी बिटिया का जन्मदिन है. वैसा ही एक बना देंगी?"

सही अजून व्हायची होती. मी हो म्हणायला तोंड उघडलंच होतं.

"सर, हमारे यहाँ तो कंपनी का ही मिलता है," वहिनी म्हणाली आणि कॅटलॉग पुढे सरकवला.

साहेबांनी त्यातला एक निवडला, मग सही केली. वहिनीचा मला इतका अभिमान वाटला, काय सांगू! आणि स्वतःची लाजही. तिच्या जागी मी असते तर सहीसाठी त्यांना दोन केक करून दिले असते.