कोंडूदादाने झाकलेलं घर

हे कुणाला सांगायचं नाही असंच मी ठरवलं होतं. पण कोंडूदादाबद्दल लिहायला बसलो की माझी लाज मधे येते, ती बाजूला सारून पुढे जाताच येत नाही. दोनदा कागद फाडला. म्हणून आता सगळंच सांगतो. शिव्या घालायच्या तर खुशाल घाला, मी स्वतःला कमी घातलेल्या नाहीत.

मी साईनाथ. मुरबाडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. घर वैशाखऱ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत, अकरा घरांच्या पाड्यात. आणि कोंडूदादा म्हणजे आमच्या पाड्याचा कौलं चाळणारा माणूस. पासष्टीचा, काटकुळा, तोंडाचा फाटका. लहानथोर सगळे त्याला दादाच म्हणतात आणि अरे-तुरे करतात.

दरवर्षी मे महिन्यात तो एकेक घर हातात घ्यायचा. कौलं उतरवायची, झाडायची आणि प्रत्येकावर बोटाच्या पेराने टकटक करायची. खणखणलं तर परत वर, बद्द वाजलं तर बाजूला. छपरावर अनवाणी चालायचा आणि पाय नेमका जिथे खाली वासा आहे तिथेच पडायचा. खालून कुणी मोठ्याने बोललं की खेकसायचा, "गप ऱ्हा रे, मला कौलाचं ऐकू दे!" एकदा कल्याणला इमारतीच्या कामावर गेला होता, तीन आठवड्यांत परत आला. का आलास, म्हटलं तर म्हणाला, "तिथं वर चढलं का खालचं एक माणूस वळखीचं नाय. पाणी मागायचं कुणाकडं?" त्याची बायको हौसा सांगते, परत आला त्या दिवशी आधी जेवला नाही, छपरावर जाऊन बसला.

आमच्याकडे प्रत्येक घरामागे जुन्या कौलांची एक थप्पी असते, कुठे शंभर, कुठे पन्नास. वाऱ्याने कुणाचं घर उघडं पडलं की ज्याच्या त्याच्या थप्पीतून कौलं येतात. बोलवावं लागत नाही. बाया डोक्यावरून आणतात, बाप्ये शिडीवर ओळीने उभे राहतात, कोंडूदादा वर. दिवा लागायच्या आत घर झाकायचं, एवढंच ठरलेलं. मजुरी नाही, कौलं परत करायची नाहीत, आभार तर मानायचेच नाहीत. संध्याकाळी त्या घरचा भात आणि सुकटीचं कालवण, झालं. हे कधीपासून चालत आलंय ते विचारू नका, मला माहीत नाही.

तौक्ते वादळ आलं ते दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात. सोमवारचा दिवस. समुद्र आमच्यापासून कुठल्या कुठे, तरी दुपारनंतर असा वारा सुटला की मागची चिंच आडवी झाली. माझं रस्त्याकडचं छप्पर निम्मं गेलं. मी, बायको स्नेहल आणि पोरगी वैष्णवी रात्रभर मागच्या खोलीत बसून होतो. कोरोनाचे दिवस. कुणी कुणाच्या दारात जात नव्हतं, वैशाखऱ्यात दोन माणसं त्याच आठवड्यात गेली होती. मला वाटलं, यावेळी काही कुणी येत नाही.

मंगळवारी सकाळी दार उघडलं तर अंगणात कौलांची रास. सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधलेली. धोंडीबाई काकी, आमच्या शेजारची विधवा, तिने तर स्वतःची अख्खी थप्पी आणून टाकली होती. तिची कौलं कुणीही ओळखेल, तिच्या पडवीत चूल होती, तिथली उतरवलेली, धुराने काळीभोर. "काकी, तुला नको ठेवायला?" म्हटलं तर म्हणाली, "माज्या छपराला काय नाय झालं रे. तू बघ तुजं." दुपारी चार वाजता घर झाकून झालं. कोंडूदादा खाली उतरला, पाणी प्यायला आणि मला म्हणाला, "झोप आता बिनघोर."

मी झोपलो नाही. मला विमा आठवला.

त्याच्या तीन वर्षं आधी मी बँकेचं कर्ज काढून पुढच्या दोन खोल्या विटांच्या बांधल्या होत्या. स्लॅबला पैसे पुरले नाहीत म्हणून वर कौलंच ठेवली. कर्जाबरोबर बँकेने घराचा विमा गळ्यात मारला होता. पाड्यात कुणाच्या घराला विमा असेल तर तो माझ्या, आणि त्याचा मला माज होता, कबूल करतो. बुधवारी विमा कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी पाठ केल्यासारखं बोलली, "सर, सर्व्हेअर येईपर्यंत काही हलवू नका. नुकसान दिसलं पाहिजे." मी बरं म्हणून फोन ठेवला. घर झाकलंय हे तिला सांगितलंच नाही. विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. स्टोअरमध्ये वीस वर्षं कागद हाताळणारा माणूस मी, मला कोण शिकवणार!

गुरुवारी दुपारी पाडा उन्हाने आडवा झालेला असताना मी शिडी लावली. स्नेहल म्हणाली, "अहो, नका ना. लोकांनी हाताने चढवलंय ते." मी तिच्यावर ओरडलो. रस्त्याकडची कौलं एकेक करून उतरवली. नुसती उतरवून चालेना, वाऱ्याने पडलेली दिसायला हवीत, म्हणून अंगणात टाकून कोयत्याच्या पाठीने फोडली. त्यात धोंडीबाईची काळी कौलं होती. ती मला दिसत होती. मी आंधळा नव्हतो, एवढंच सांगतो.

मागे बघितलं तर कोंडूदादा कुडापाशी उभा. किती वेळ उभा होता देव जाणे.

"परत वारा आला काय रे?" त्याने विचारलं.

लाज वाटली की मला राग येतो, ही माझी जुनी खोड. मी म्हटलं, "दादा, हे कागदाचं काम हाय. तुला यातलं काय कळायचं नाय. विम्याचा माणूस येणार, त्याला नुकसान दाखवायला लागतं."

तो खाली वाकला, एक धड राहिलेलं कौल उचललं, त्यावर पेर वाजवून बघितलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. मग घरी गेला. त्याने मला दोन मुस्काटात ठेवून दिल्या असत्या तर आज मी हे लिहीत बसलो नसतो.

शुक्रवारी सर्व्हेअर आला. शेखर नावाचा शहापूरचा तरुण मुलगा, तोंडाला मास्क, मोटरसायकलवर. फोटो काढले, फुटकी कौलं मोजली, आत आला आणि जमिनीकडे बघत राहिला. "काका, सोमवारपासून छप्पर उघडं आहे ना? पाऊसही झाला. मग सारवण जसंच्या तसं कसं?" घर झाकल्यावर बुधवारी स्नेहलने नव्याने सारवलं होतं, ते माझ्या ध्यानातच नव्हतं. तेवढ्यात त्याचं लक्ष दारात उभ्या असलेल्या कोंडूदादाकडे गेलं. मी त्याला बोलावलं नव्हतं, तो आपला आपणच आला होता. मुलाने विचारलं, "बाबा, हे छप्पर कधी उडालं?"

कोंडूदादा खोटं बोलल्याचं मी जन्मात ऐकलेलं नाही. कौल बद्द असेल तर घरधन्याच्या तोंडावर बद्द म्हणणारा माणूस तो. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. माझा जीव त्याच्या एका शब्दावर टांगलेला आणि हे त्याला पुरतं कळत होतं.

"सोमवारी," तो म्हणाला. "वाऱ्यानं."

"तेव्हापासून असंच आहे?"

"असंच हाय."

पहिलं खरं होतं. दुसरं खोटं तो माझ्यासाठी बोलला. मुलाने लिहून घेतलं. जाताना, गाडीला किक मारता मारता, सहज बोलला, "पुढच्या वेळी एवढे दिवस उघडं ठेवू नका हो काका, लहान पोर आहे घरात. मोबाईलवर फोटो काढायचे आणि लगेच झाकून घ्यायचं. चालतं."

वैष्णवीने मंगळवारी सकाळी घराचे फोटो काढून मावशीला पाठवले होते. चांगले सात-आठ. माझ्याच मोबाईलवरून.

त्या संध्याकाळी कोंडूदादा स्वतःच्या थप्पीतली कौलं घेऊन आला आणि एकट्याने छप्पर परत झाकलं. मी खालून कौलं देत होतो. "दादा, चूक झाली," हे तीन शब्द माझ्या तोंडात होते. शेवटचं कौल बसलं तरी ते तिथेच होते. तो उतरला, हातपाय धुतले, जेवायला थांबला नाही. हौसा वाट बघते म्हणाला. पाड्यात कुणालाही त्याने याबद्दल चकार शब्द सांगितला नाही.

मग पाड्यात कळलं कसं? मीच सांगितलं की! पैसे आले, नाक्यावर चहाला उभा होतो, कुणी तरी म्हणालं, "साईनाथशेठ, तुमी लय हुशार, आमाला नाय जमायचं." आणि मी फुगलो. कसं उतरवलं, कसं फोडलं, सर्व्हेअरला कसं गुंडाळलं, सगळं हसत हसत रंगवून सांगितलं. कोंडूदादाची साक्षही सांगितली. माणसं टाळ्या देत होती. घरी येईपर्यंत तोंड कडू झालं होतं, पण बोललेलं परत घेता येत नाही.

कोंडूदादा पुढेही दरवर्षी माझं घर चाळायला आला. बोलायचा, हसायचा, खेकसायचाही. मला वाटू लागलं, गेलं ते. विसरले असतील.

मागच्या मे महिन्यात परत वादळी वारा झाला. समुद्रावरचा नव्हता, आपला अवकाळी, पण धोंडीबाईच्या घराचं आढं उघडं पडलं. तिच्याकडे नात प्रियांका बाळंतपणासाठी आलेली, नववा महिना लागलेला. सकाळी मी थप्पीतली कौलं घमेल्यात भरली आणि निघालो. मनात म्हटलं, आज तरी तिची थोडी भरपाई करू. तिच्या अंगणात पोचलो तर कौलांची रास नाही. माणसं होती, सगळी होती, पण हात बांधून उभी. कोंडूदादा खांद्यावर दोर टाकून तिच्या दारच्या चिंचेच्या बुंध्याशी बसलेला. प्रियांका पडवीत फाटक्या ताडपत्रीखाली, आणि वर ढग जमायला लागलेले.

"काय झालं? चढा की वर," मी म्हटलं.

"नाय रे," धोंडीबाई म्हणाली. "तलाठी उद्या पंचनाम्याला येणार हाय. तवर हात लावायचा नाय."

"काकी, फोटो काढू आणि झाकून घेऊ. मोबाईलवर फोटो चालतो."

"आं? मंग तू का रं उघडलंस?" ती म्हणाली. टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती. "माजी काळी कौलं फोडलीस त्या दिवशी, मी बघितली मागून. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मंग तुजं काम झालं. तवा म्हटलं, पोरगा शिकलेला, त्याला जास्त ठावं."

ती जवळ आली आणि आवाज खाली करून म्हणाली, "साईनाथ, मागची बाजू तशीच राह्यलीय बघ. तलाठ्याला एवढंसं नुकसान दिसायचं नाय. तेवढी तू चढून फोड ना रे. आमाला नाय जमत, तुजा हात बसलाय."

"काकी, नको गो."

"का? तुजं घर ते घर, आन माजं नाय?"

सगळा पाडा माझ्याकडे बघत होता. कुणाच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, माझी वाट बघत होते ते, शिकायला. मी कोंडूदादाकडे बघितलं. म्हटलं, हा तरी ओरडेल. तो उठला, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. शिडी मागच्या भिंतीला लावली, पायाने दाबून पक्की केली.

"चढ," तो म्हणाला. "मी धरतो."

मी चढलो. वरून पहिलं कौल खाली टाकलं तेव्हा तो तोंड फिरवून उभा होता, पण शिडीवरचे हात त्याने काढले नव्हते.