दुर्लक्षित अवस्थेत आढळलेला

"ए मावशी, हात काढ! काढ आधी हात!"

आईनं हात काढला नाही. तिला कळलंच नाही तो आवाज तिच्यासाठी होता. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनसाठी माझ्याकडं सोलापूरजवळच्या कुंभारीला आली होती, आणि मी तिला शहरातल्या या वारसा दालनात आणलं होतं. समोर दगड आहे एवढंच तिला धूसर दिसत होतं, म्हणून ती तळव्यांनी बघत होती. वरून खाली, हळूहळू. दगडाला नुकताच भंडारा लावलेला. पिवळी बोटं तशीच दगडावर.

तो माणूस धावत आला आणि त्यानं तिचं मनगट धरून बाजूला केलं. खादीचं जाकीट, गळ्यात ओळखपत्र. मागं पंधरा-वीस पाहुणे, कॉलेजची पोरं-पोरी. सगळ्यांचे मोबाईल हातात.

"ही देशाची संपत्ती आहे. तुमच्या घरचा देव्हारा नाही. कळतं का?"

आई घाबरली. म्हणाली, "चुकलं साहेब."

"चुकलं काय? पुसा आता ते. तुम्हीच लावलंय ना, तुम्हीच पुसा."

फडकं नव्हतं. आईनं पदर घेतला. गुडघ्यावर बसली. ज्याच्यापुढं ती जन्मभर वाकली, त्याच्या अंगावरची हळद ती स्वतःच्या पदरानं पुसू लागली. दिसत नव्हतं, म्हणून साहेब वरून सांगत होता. "इकडं राहिलंय. अजून खाली. तिथं, तिथं." मागची एक पोरगी मोबाईल धरून म्हणाली, "यांना ना, व्हॅल्यूच कळत नाही."

मी ताट धरून उभी होते. मला वाचा फुटली ती एवढीच. "साहेब, आमचा मायाप्पा हाय हा. आमच्या घराण्यातला."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग पाहुण्यांकडं वळून हसला. "धनगराचा वीरगळ! अहो ताई, वीरगळ लढणाऱ्यांचा असतो. मेंढरं राखणाऱ्यांचा नसतो."

पाहुणेही हसले.

वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाच्या नावानं उभा केलेला कोरीव दगड. आमचा दगड कमरेएवढा. तळाशी पडलेला माणूस आणि त्याच्या मागं जनावरांची रांग. मधे त्याला वर नेणाऱ्या बाया. सगळ्यात वर तो पिंडीपुढं हात जोडून बसलेला. आमच्या सांगोल्याकडच्या गावात, माळावर, बाभळीखाली तो उभा होता. मेंढरं पळवायला आलेल्यांशी मायाप्पा एकटा लढला आणि पडला, असं आमच्यात सांगतात. मेंढी व्याली की पहिलं दूध त्याला. लग्न ठरलं की पहिली अक्षता त्याला. मला बाळ होत नव्हतं तेव्हा आईनं त्याच्याशी भांडण केलेलं मी या कानांनी ऐकलंय.

काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका मंडळाची माणसं गाडी घेऊन आली. म्हणाली, असे दगड चोरीला जातात, आम्ही सोलापुरात वारसा दालन बांधतोय, तिथं नीट राहील, पोरं बघतील, देशाचा इतिहास कळेल. सरपंचानं मान डोलावली. आमच्या वस्तीवर कुणी विचारलं नाही. भाऊ मेंढरं घेऊन भीमेकाठाला गेलेला. आई माळावर पोचली तेव्हा बाभळीखाली नुसता खड्डा होता.

तेव्हापासून आईचं एकच. "मला एकदा त्याला भेटव." डोळ्यांसाठी सोलापूरला यायला ती तयार झाली ती त्यासाठीच. आणि मी तिला भेटवलं ते असं.

घरी येताना रिक्षात ती पदराचा पिवळा भाग मुठीत धरून बसली होती. मी म्हटलं, "आये, लुगडं धुऊन टाकू." ती म्हणाली, "नगं."

अक्कलकोट रोडला एमआयडीसीत मी टॉवेलच्या कडा शिवते. दुसऱ्या दिवशी मशीनवर बसले आणि कड सरळ जाईना. उसवायची, परत शिवायची, परत वाकडी. सुपरवायझर ओरडला. माझं लक्ष नव्हतं. डोक्यात एकच घुमत होतं. इकडं राहिलंय. अजून खाली. तिथं, तिथं. मी मधेच उठायचे, पाण्याच्या नळापर्यंत जायचे आणि पाणी न पिता परत यायचे. जेवायच्या सुट्टीत बायका बोलत बसायच्या, मी गेटपर्यंत चालत जाऊन यायचे. बसवत नव्हतं. अंगात काहीतरी शिरलं होतं आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती.

रविवारी एकटीच दालनात गेले. तिकीट काढून, चप्पल नीट पुसून, पाहुण्यासारखी. दगडासमोर दोरी लावली होती. आमच्यामुळं लावली असणार. बाजूला काचेची पाटी. त्या दिवशी गडबडीत वाचली नव्हती. आता वाचली.

"अज्ञात वीराचा वीरगळ. माळरानावर दुर्लक्षित अवस्थेत आढळला."

दुर्लक्षित.

मी बारावीपर्यंत शिकलेय. शब्दाचा अर्थ मला कळतो. ज्याच्याकडं कुणी बघितलं नाही तो. आणि माझी आई? उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी कोसभर चालायची आणि त्यातलं तांब्याभर आधी त्याच्यावर ओतायची, ती आई कुणीच नाही? तिची सासू? सासूची सासू? एवढ्या बायांनी एवढी वर्षं बघितलं, ते बघणं मोजायचंच नाही? म्हणजे दगड दुर्लक्षित नव्हताच. आम्ही होतो. आम्ही तिथं उभ्या असूनही यांना माळ रिकामाच दिसला होता.

तो खरंच मायाप्पा आहे का, मला माहीत नाही. माझ्याकडं पुरावा नाही. साहेबाकडंही नाही. पण पुरावा नसताना त्याला 'अज्ञात' लिहिता येतं आणि मला 'आमचा' म्हणता येत नाही. हे कुणी ठरवलं?

आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली. आणि एक दिवस तोच साहेब पत्ता विचारत आमच्या दारात.

झालं असं होतं, की त्या पोरीनं काढलेला व्हिडिओ मोबाईलवर सगळीकडं फिरला होता. म्हातारी गुडघ्यावर, पदरानं दगड पुसतेय. लोकांनी मंडळाला शिव्या घातल्या होत्या. काहींनी लिहिलं होतं, हीच तर खरी जिवंत परंपरा. साहेबानं शिव्या बाजूला ठेवल्या आणि परंपरा उचलली. आमच्या खाटेवर बसून चहा प्यायला. म्हणाला, "मावशी, तुमच्यासारखी माणसं म्हणजे आपल्या देशाचा ठेवा. दालनाचा मोठा कार्यक्रम आहे. दिल्लीचे पाहुणे येणार आहेत. तुम्ही यायचं, मायाप्पाची पूजा करायची. पारंपरिक वेशात."

तो 'मायाप्पा' म्हणाला! आईचा चेहरा असा उजळला, की मी गिळून टाकलं जे बोलणार होते ते.

"हात लावू देशीला का सायेब?" आईनं विचारलं.

"अहो तुमचाच आहे तो," साहेब म्हणाला.

आई दोन दिवस नुसती घरात फिरत होती. भंडाऱ्याची पिशवी काढून बघायची, परत बांधायची. मलाही वाटलं, चला. निदान आईला त्याचं तोंड दिसेल.

कार्यक्रमाच्या दिवशी दालन फुलांनी सजवलेलं. खुर्च्या भरलेल्या. फलकावर मोठ्या अक्षरात 'आपला वारसा, आपली ओळख'. आईला घोंगड्यावर बसवलं. दगडापासून चार हात लांब. मधे तीच दोरी, तिला झेंडूची माळ गुंडाळलेली.

आईनं पिशवी सोडली. मंडळातली एक बाई वाकून म्हणाली, "ती हळद नको मावशी, डाग पडतो. ही घ्या." तिनं वाटी दिली. आईनं चिमूट घेतली, बोटांत चोळली, वास घेतला.

"ही रांगोळी हाय की."

"हो. हातात धरा फक्त. हात असा पुढं करा. लावायचं नाही. कॅमेऱ्यात लावल्यासारखं दिसतं."

आई तिच्याकडं बघत राहिली. "देवाला लावल्यावानी कसं करू बाय? लावायचं तरी, न्हायतर न्हाय तरी."

माईकवर साहेब सुरू झाला होता. "ही भोळी माणसं, ही निरागस श्रद्धा, हीच या राष्ट्राची खरी ओळख..."

आईचा हात हवेत. त्यातून पिवळी रांगोळी सांडत होती. लोक फोटो काढत होते.

मी उठले. ठरवून उठले नाही. पाय आधी उठले.

"थांबवा," मी म्हटलं. माईक नव्हता, पण आवाज पोचला. मशीनच्या खडखडाटात बोलायची सवय असते आम्हाला. "थांबवा हे. त्या दिवशी हिला पुसायला लावलंत. आज लावायचं सोंग करायला लावताय. ही भोळी न्हाय. ही गप हाय. दोन्हीत फरक हाय साहेब."

साहेब माईक झाकून जवळ आला. हसरा चेहरा तसाच ठेवून म्हणाला, "ताई, ही बोलायची जागा नाही."

"मग कुठली? माळावर विचारलं न्हाय तुम्ही. हितं बोलू देत न्हाय. जागा तरी सांगा."

मी दोरी वर केली. झेंडूची फुलं गळून पडली. आईला हात दिला. "आये, चल."

आई आली नाही.

तिनं मान हलवली. डोळ्यांत पाणी. "नगं पोरी. साहेब लोक हायत. नगं."

तेव्हा मी एकटी गेले. पिशवीतला खरा भंडारा मुठीत घेतला आणि दगडाला लावला. त्या पडलेल्या माणसाच्या कपाळाला. मग जनावरांच्या रांगेला. दगड एसीनं गार पडला होता. आमचा दगड उन्हात चटका द्यायचा.

सुरक्षा रक्षक आला. त्यानं माझा दंड धरला, पण जोरात नाही. कानाशी म्हणाला, "ताई, चला की. माझी नोकरी जाईल." मी चालत बाहेर आले, मागोमाग आई. मागं कुणीतरी पोलिसांना बोलवा म्हणत होतं. साहेब पाहुण्यांना इंग्रजीत काहीतरी समजावत होता.

बस स्टॉपवर आईनं बोटांना चिकटलेली रांगोळी पदराला पुसली. मग म्हणाली, "तुज्यामुळं आता तो कदीच भेटायचा न्हाय मला. आत घेतील का आता आपल्याला?"

मला वाटलं होतं ती पाठीवर हात ठेवेल. ती बसमध्ये दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

तिनं तेव्हापासून माझ्याशी मोजकंच बोलणं ठेवलंय. दुसरा डोळा करून ती गावी गेली. मी माघार घेतली नाही.

ग्रामसभेला मी गावी गेले. उभी राहिले. म्हटलं, मायाप्पा परत आणा. आणायचा नसेल तर ती पाटी काढा, आमच्या वस्तीचं नाव लिहा आणि आमच्या बायांना हात लावू द्या. दगड तुमच्या गावाचा हाय, तुमीच मागितला पाहिजे.

पुरुष एकमेकांकडं बघून हसले. माझा भाऊ जमिनीकडं बघत होता. ग्रामसेवक म्हणाला, तुमचं नाव इथल्या मतदार यादीत नाही. सरपंच म्हणाला, "लेकीनं माहेरी यावं, जेवावं, साडीचोळी घ्यावी. ठराव कशाला मांडती? खाली बस बाय."

दालनात मला बोलायची जागा नव्हती, कारण मी धनगराची. गावात नव्हती, कारण मी लग्न होऊन गेलेली. साहेबाला मी शिव्या देत होते, आणि तोच साहेब आमच्या चावडीत धोतर नेसून बसलेला होता.

त्या दिवशी मला कळलं, ही लढाई एका दगडाची नाही. देशाची संपत्ती म्हणतात. ठीक आहे. देशाची असू दे. मग त्या देशात मला मोजा. माझ्या आईला मोजा. दगड मोजताय, बुरूज मोजताय, देवळांचे खांब मोजताय, आणि ज्या बायांनी त्यावर पाणी ओतलं त्यांची वेळ आली की तुमची बोटं संपतात.

आता सुट्टी मिळेल त्या रविवारी मी गावी जाते. माझं नाव यादीत नाही, पण वस्तीवरच्या सुनांची आहेत. त्यांच्या चुलीपुढं बसते, सांगते, ग्रामसभेत बायांना बोलता येतं, उभं राहता येतं. काही दार लावून घेतात. एकीनं विचारलं, "आनि हसले तर?" मी म्हटलं, "हसतीलच. आपण बोलत राहायचं."

पुढच्या सभेला त्या किती येतील, सांगता येत नाही. कदाचित एकही नाही. मी मात्र जाणार. मत नसू दे, मला तोंड आहे. ते खाली बस म्हणतील.

मी उभीच राहणार आहे.