सुदामच्या जीपची दांडी

सायलेन्सरात काजळी कोणी मुद्दाम भरत नाही. गाडी चालते, काजळी बसते. किस्स्यांचं तसंच आहे. मालेगावात रिसोड रोडवर माझं गॅरेज आहे. मी कोणाला गप्पा मारायला बोलावत नाही. उलट येतो त्याला म्हणतो, गाडी ठेव आणि नीघ. तरी लोक बसतात, बोलतात, आणि जाताना काहीतरी सांडून जातात. आता डोक्यात इतकं साचलंय की धूर बाहेर पडत नाही. म्हणून एकाच जीपचे किस्से काढतो. बाकीच्या गाड्यांचे मालक भांडखोर आहेत.

*

सुदाम रिसोड-मालेगाव काळी-पिवळी चालवतो. जीप जुनी, साध्या पंपाची. सपाटीवर ठीक, पण चढ आला की दमेकऱ्यासारखी करायची. एक दिवस तो पोत्यात काहीतरी घेऊन आला आणि माझ्या पायापाशी आदळलं. भंगारातल्या एका मोठ्या गाडीचा टर्बो.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर एक चक्र फिरवायचं, आणि त्या चक्राच्या जोरावर इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. हवा जास्त, तर ओढ जास्त. एवढं मला ठाऊक होतं. पण ह्या टर्बोत चक्राच्या भोवताली बारीक बारीक पात्या होत्या, हलणाऱ्या. पात्या मिटल्या की धुराची वाट अरुंद होते. वावरात पाइपाच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी लांब जातं ना, तसं. इंजिन हळू असलं तरी चक्र जोरात फिरतं. मात्र इंजिन पळायला लागलं की पात्या उघडाव्या लागतात, नाहीतर हवा इतकी भरते की काहीतरी फाटतं. अंगठा कधी धरायचा आणि कधी सोडायचा, सगळी विद्या तेवढीच.

"हा अंगठा धरते कोन?" मी विचारलं.

"कॉम्प्युटर," सुदाम म्हणाला.

"मंग तो कुठी हाय?"

"तो नाई भेटला."

मी म्हणालो, "म्हंजे तू बैल घेऊन आला लेका, आन कासरा बजारातच इसरला."

*

पात्यांवर काजळीचा थर होता. जागच्या हलत नव्हत्या. मी सुदामला म्हणालो, घरी ने, डिझेलात भिजव, ब्रशानं घास, मग आण. माझी चूक एवढीच, की कोणत्या भांड्यात भिजव ते सांगितलं नाही.

सुदामची बायको इंदू. माहेर आसेगाव. लग्नात तिच्या बापानं पितळेची परात दिली होती. रोज वापरायची नाही, सणालाच निघायची, पुरणपोळीची कणीक मळायला. सुदामनं नेमकी तीच घेतली. पसरट होती, म्हणे.

इंदू भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं परात चिंचेनं घासली, राखेनं घासली, उन्हात ठेवली. मग तिच्यात मूठभर कणीक मळून एक पोळी केली आणि कुत्र्यापुढं टाकली. कुत्र्यानं वास घेतला आणि निघून गेलं.

त्या दिवसापासून तिनं सुदामशी बोलणं सोडलं. एक महिना गेला, दोन महिने गेले. ती रोज मालेगावच्या बाजारात भाजी विकायला यायची, नवऱ्याच्याच जीपमध्ये. पण पार मागच्या शिटावर, टोपली मांडीवर, पाठ त्याच्याकडं. भाडं शेजारच्या बाईच्या हातून पुढं पाठवायची. एकदा सुदामनं ते परत पाठवलं, तर दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्याच्या जीपनं गेली. तेव्हापासून सुदाम गुपचूप भाडं घेई.

मग एक दिवस तो माझ्याकडं येऊन टायरवर बसला. चहा घेतला नाही. म्हणाला, "मिस्तरी, तिनं पेटी भरली. दारापाशी आनून ठेवली हाय."

"गेली का?"

"नाई गेली. नुस्ती ठेवली हाय. मी येता-जाता ठेचकाळतो."

*

मी म्हणालो, ते तुमचं तुम्ही पाहा, मला टर्बो पाहू दे. टर्बो बसवला. कॉम्प्युटर नाही तर नाही, पात्या मिटवून बोल्टानं कसून टाकल्या.

जीप अशी निघाली की माझीच छाती फुगली. आणि गावाबाहेर गाडीनं वेग घेतल्याबरोबर हवेचा पाइप फाटला. आवाज असा झाला की मागची तीन माणसं चालत्या गाडीतून उतरली. एक म्हातारी मात्र जागची हलली नाही. लोक म्हणाले, आजीची हिंमत पाहा. आजी म्हणाली, "काय झालं? गाव आलं का?"

दुसऱ्या खेपेला पात्या अर्ध्यावर कसल्या. आता पाइप फाटेना, पण चढावर ओढही लागेना. म्हणजे टर्बो बसवायच्या आधी होती तशी जीप मी पंधरा दिवस खपून पुन्हा तयार केली.

*

मग सुदामनं कुठून तरी लॅपटॉपवाला आणला. गोरागोमटा, पायात पांढरे बूट. त्यानं वायर हातात घेऊन जीपला तीन प्रदक्षिणा घातल्या. वायर खुपसायला जागाच सापडेना. ह्या इंजिनात वायर लागते ती हेडलाइटला आणि हॉर्नला, आणि हॉर्न तर तेव्हा बंदच होता.

त्यानं कागदावर यादी लिहून दिली. हा सेन्सर, तो सेन्सर, एक मोटर, एक डबा, आणि इंजिनाचा पंपही नवा. मी यादी वाचायला लावली आणि विचारलं, "हे सगळं बसवल्यावर जुनं काय राह्यते?"

तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, "नंबर प्लेट."

*

शेवटी मी भंगारातून ट्रॅक्टरच्या हातानं ओढायच्या रेसची दांडी काढली. केबल टर्बोच्या पात्यांना जोडली, दांडी पुढच्या दोन शिटांच्या मध्ये. ओढली की पात्या मिटतात, सोडली की उघडतात. पंक्चरच्या दुकानातलं हवेचं मीटर टर्बोच्या हवेच्या पाइपाला जोडून डॅशबोर्डवर बसवलं आणि त्यावर नेलपॉलिशची लाल रेघ मारली. काटा रेघेला आला की दांडी सोडायची.

आता सुदामचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा गिअरवर. तिसरा हात आणायचा कुठून? मग नियम झाला, पुढच्या शिटावर बसेल त्यानं दांडी सांभाळायची.

पहिला मान शेठला. शेठ म्हणजे आमचे धान्याचे व्यापारी, जैन माणूस, तोंडानं गोड आणि हाताचे पक्के. रोज रिसोडहून पुढच्याच शिटावर बसून येतात. चढ आला. सुदाम म्हणाला ओढा. शेठनं ओढली. गाडी उठली. चढ संपला, काटा रेघेवर गेला, सुदाम ओरडतोय सोडा, सोडा, आणि शेठ दांडी धरून बसलेले. पाइप फाटला.

मी विचारलं, "काहून नाई सोडली?"

शेठ म्हणाले, "मिस्तरी, एकदा हातात आलेली चीज आपल्यानं सोडवत नाही."

त्यांच्यानंतर एक मास्तर बसले. ते काट्याकडं पाहता पाहता झोपले. एका पैलवानानं विहिरीचा दोर ओढावा तशी ओढली, केबलच तुटून हातात आली. पुढं पुढं लोक मागं दाटीवाटीनं बसायचे आणि पुढचं शीट रिकामं जायचं. शेठसुद्धा मागं गेले. म्हणायचे, तिकडं बसलं की भाडं देऊन नोकरी करावी लागते.

*

त्या दिवशी केबल तपासायला मी स्वतः जीपमध्ये होतो. मधल्या शिटावर, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. पुढं एक नवखा पाहुणा बसलेला. गाडी गच्च भरलेली. मालेगावच्या अलीकडचा चढ लागला आणि पाहुणा घाबरून दांडी ओढायची तेव्हा सोडायचा, सोडायची तेव्हा ओढायचा. गाडी मरायला टेकली. मागून ट्रक हॉर्न मारतोय. सुदामच्या कपाळावर घाम.

तेवढ्यात मागच्या शिटावरून इंदू उठली. टोपली माझ्या मांडीवर टाकली. लोकांच्या खांद्यांवर हात देत पुढं आली, पाहुण्याला म्हणाली, "सरका." पाहुणा कुठं सरकणार, तो दाराला चिकटला. ती मध्ये बसली आणि दांडीवर हात ठेवला.

सुदाम समोर पाहत होता. मग हळूच म्हणाला, "ओढ."

तिनं ओढली. गाडी उठली. ती मीटरकडं पाहतच नव्हती. मान जराशी वाकडी करून आवाज ऐकत होती. टर्बोची शिट्टी चढून बारीक व्हायला लागली की बोटभर सोडायची, जाड झाली की पुन्हा ओढायची. मी मागून काट्याकडं पाहिलं. काटा लाल रेघेच्या एक केस अलीकडं येऊन थांबलेला. माझा अख्खा जन्म इंजिनात गेला, मला असं कानानं जमलं नसतं. मला रागच आला.

चढ संपल्यावर ती म्हणाली, "सोडू?"

चार महिन्यांनी पहिला शब्द. सुदामनं गाडी बाजूला घेतली आणि उगाच टायर पाहायला उतरला. टायर चांगले होते.

*

पुढचं शीट आता इंदूचं. लोक त्या शिटाकडं पाहायचेही नाहीत. सुदाम म्हणे ओढ, ती ओढे. ती म्हणे सोडते, तो म्हणे सोड. हळूहळू मध्ये बाकीचे शब्दही यायला लागले. आज मेथी काय भावानं गेली, तुझ्या भावाचा फोन आल्ता का, असले.

पण मला चैन पडेना. दांडी म्हणजे काय मिस्तऱ्याचं काम आहे? उद्या कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला जमलं नाही म्हणून बाई बसवली. जेवताना उठायचो, अर्धी भाकर ताटात, आणि जाऊन टर्बोसमोर उभा राहायचो. गिऱ्हाइकांवर ओरडायचो. एका ट्रॅक्टरवाल्याला म्हणालो, तुझं काम उद्या. तो म्हणाला, तुम्ही चार दिवसांपासून उद्याच म्हणून राह्यले.

मग सुचलं. टर्बो जी हवा भरतो, तीच थोडी हवा नळीनं एका डबीत घ्यायची. डबीत रबराचा पडदा, मागं स्प्रिंग, पुढं सळई. हवा वाढली की पडदा सळईला ढकलतो आणि पात्या आपोआप उघडतात. हवा कमी झाली की स्प्रिंग पात्या मिटवते. वाऱ्यानंच वाऱ्याचा कान धरायचा. सुदामची जीप दोन खेपांच्या मध्ये उभी असली की मी पाना घेऊन घुसायचो. सळईचा नट अर्धा आटा पुढं, चक्कर मार, पाव आटा मागं, चक्कर मार. पंधरा-वीस चकरा झाल्या असतील. एका सकाळी जीप वाळूच्या पोत्यांनी गच्च भरून चढावर घातली आणि दांडीला कोणी हात लावला नाही. काटा रेघेच्या एक केस अलीकडं गेला आणि तिथंच उभा राहिला. इंदू त्या दिवशी बाजाराला आली नव्हती.

परत आल्यावर मी सुदामला म्हणालो, "घे. आता कोनाची गरज नाई."

मला वाटलं पाया पडेल. तो बॉनेटवर हात ठेवून नुसता उभा राहिला.

"मिस्तरी," तो म्हणाला, "दांडी राहू द्या."

"कायले? आता तिले काम नाई."

"नसू द्या. पेटी आत गेली हाय. खाटेखाली."

मी त्याला दोन शिव्या दिल्या. माझ्या हातानं, एवढ्या मेहनतीनं केलेलं काम, आणि त्याच्यापुढं एक खोटी दांडी. मी म्हणालो, कापून टाकतो. तो बॉनेटवरचा हात काढेना. हलेना पण. मी बराच वेळ पाने आपटले. शेवटी केबल टर्बोपासून सोडवली.

तो म्हणाला, "पन ओढतानी जोर लागला पायजे. नाईतर तिले समजन."

एका जुन्या स्कूटरच्या स्टँडची स्प्रिंग काढली, केबलचं टोक तिला अडकवलं, आणि बॉनेटखाली आतल्या कोपऱ्यात पत्र्याआड दडवली. दांडी पहिल्यासारखी जड झाली. हे त्याला माहीत आणि मला माहीत, तिसऱ्याला नाही. त्यानं माझ्याकडून शपथ घेतली. मी शपथा पाळणारा माणूस नाही, पण ही आजपर्यंत पाळली.

जीप आता आपोआप चढते. सुदाम म्हणतो ओढ, इंदू ओढते. शेठ मागून म्हणतात, वहिनींच्या हाताला गुण आहे. मी मान हलवतो, आणि हातातला पाना उगाच पुसत राहतो.

*

गेल्या आठवड्यात सुदाम जीप माझ्या गॅरेजसमोर लावून स्टँडवर चहा प्यायला गेला. इंदू उतरली. तिच्या काखेत कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. आजूबाजूला पाहिलं, कपडा सोडला आणि ती पितळेची परात माझ्यापुढं ठेवली.

"मामाजी, हे तुमाले ठेवा. नट-बोल्ट धुवाले कामी येईन."

मी म्हणालो, "बापाची हाय ना तुह्या?"

"हाव," ती म्हणाली. मग स्टँडच्या रस्त्याकडं पाहिलं. सुदाम अजून दिसत नव्हता. "लवकर करा जरा. दांडीची स्प्रिंग ढिली पडली, दुसरी लावून द्या. आन त्याले सांगू नोका."