हेडफोनमधली बाई आणि उजवा कौल

माझ्या नवऱ्याचं बाहेर कोणीतरी आहे, हे मी ठरवलं ते त्याच्या हसण्यावरून. रविवारी सकाळी कानात हेडफोन घालून तो पडवीत फोन घेऊन बसायचा आणि असा हसायचा, की लग्नाच्या नऊ वर्षांत त्यातलं पाव हसूसुद्धा माझ्या वाट्याला आलं नव्हतं. एकदा जवळून गेले तर बाईचा आवाज ऐकू आला. हा तिला म्हणत होता, "रुक, मैं आ रहा हूँ. अकेली मत जा."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. दोनच महिन्यांपूर्वी मी तापानं फणफणले होते, तेव्हा दवाखान्यात जाताना हाच मला म्हणाला होता, तू हो पुढं, मी येतो. आला नाही.

तो गेम खेळतो हे मला ठाऊक होतं आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं. लोट्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत केमिकलच्या वासात आठ तास काढणाऱ्या माणसानं घटकाभर खेळावं. पण तिठ्यावरची कंपनीची बस चुकायला लागली. आज सुट्टी आहे, अशा थापा सुरू झाल्या. भजनाला जाणं बंद झालं. कंपनीची दोन पत्रं आली, आणि तिसऱ्या पत्राला घरी बसवतात. या सगळ्याला ती बाईच कारण, असं मी धरून चालले.

सासूबाई म्हणाल्या, देवाला विचारू. आमच्याकडे कौल लावतात. देवाच्या दोन्ही अंगांना कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. म्हणून प्रश्न नेमका लागतो. काय विचारू, असं गुरवांनी मला विचारलं. मी म्हटलं, "आमच्या दोघांच्या मधी कोन आलाय काय, ता विचारा."

"उजवा दिलान देवानं, बाय," गुरव म्हणाले.

खरं सांगते, मला बरं वाटलं. सवत असली की निदान भांडायला तोंड तरी असतं.

घरी येऊन मी देवाचा दाखला देत त्याला धारेवर धरलं. त्यानं फोन पुढं केला. ती बाई गेममधल्या चौघांच्या टोळीतली एक होती. तिचं खरं नाव काय, गाव कुठलं, काही त्याला माहीत नव्हतं. माझ्यासमोर त्यानं गेम काढून टाकला आणि नारळावर हात ठेवून शपथ घेतली. तिसऱ्या दिवशी गेम परत फोनमध्ये होता. मी ओरडायच्या आतच तो रडायला लागला. त्याला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा मात्र मी घाबरले.

चिपळूणला कोणीतरी ओळखीचं भेटेल, म्हणून आम्ही एसटीनं थेट रत्नागिरी गाठली. मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या निघाल्या, तेही मला खुपलं. त्यांनी एकेक प्रश्न विचारला. खेळत नसताना डोक्यात तेच असतं का? थांबवलं की चिडचिड होते? खोटं बोलावं लागतं? सोडायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही? नोकरी जाईल हे कळूनही खेळता? बाईही कौलच लावत होत्या, आणि दर वेळी कळी उजवी पडत होती.

पुष्कळ खेळणं म्हणजे आजार नव्हे, त्या म्हणाल्या. पण लगाम हातातून सुटला, बाकी सगळं मागे पडलं, नुकसान दिसूनही थांबता येईना आणि हे वर्षभर चाललं, तर ते व्यसनच. त्यात दारू नाही एवढंच. मग त्यांनी विचारलं, गेममध्ये काय मिळतं? तो म्हणाला, "तिथं माझी वाट बघतात."

नऊ वर्षं मी जेवायला थांबत होते, ते काय होतं मग? आणि हे त्यानं मला नाही, पाऊण तासाच्या ओळखीतल्या बाईला सांगितलं. हेडफोनवालीपेक्षा त्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंवर जास्त जळले.

त्यांनी त्याला एक वही ठेवायला सांगितली. खेळावंसं वाटलं की वेळ लिहायची, कुठं होतो ते लिहायचं आणि मग काय केलं ते. मला म्हणाल्या, तुम्ही पहारा करू नका. मी मान हलवली. घरी आल्यावर संधी मिळेल तेव्हा त्याचा फोन तपासत राहिले.

आता तो बस चुकवत नाही. गेम अजून दोनदा फोनमध्ये आला आणि दोनदा गेला. परवा तो कामावर गेल्यावर मी वहीही उघडली. त्या हेडफोनवालीबद्दल काहीतरी लिहिलेलं असेल, याची मला खात्री होती.

शेवटची नोंद अशी होती: "रविवार, सव्वापाच. पडवी. खूप खेळावंसं वाटलं. ही मागच्या दारी ओले काजू सोलत होती. तिच्याशी बोलायला गेलो. ती माझा फोन बघत होती. परत आलो."

रविवारी तो मागच्या दारी आला होता, हे मला माहीतच नव्हतं.