ओरखडा नको म्हणून

“पाटील, सवय चपलेची होते. चष्म्याची होते. ही गाडी ऐंशीच्या वर गेली की माझे हात कोपरापर्यंत थरथरतात. त्याचीही सवय करून घेऊ?”

काउंटरसमोर धुळ्यातल्या देवपूर भागातल्या मॅडम उभ्या होत्या. त्या चाळीसगावच्या कॉलेजात इतिहास शिकवतात. रोज धुळ्याहून स्वतः गाडी चालवत जातात, संध्याकाळी परत येतात. महिन्यापूर्वी त्यांनी आमच्या दुकानात चार नवे टायर बसवून घेतले होते. तेव्हापासून तीच तक्रार घेऊन त्या तिसऱ्यांदा आल्या होत्या आणि तिन्ही वेळा मी एकच उत्तर दिलं होतं, “टायर नवे आहेत मॅडम, सवय होईल.”

ते वाक्य आठवलं की आजही मला स्वतःचा संताप येतो. कारण ते खोटं नाही. नव्या टायरवर कारखान्यातल्या साच्याचा गुळगुळीत थर राहिलेला असतो. तो घासून जाईपर्यंत, म्हणजे पहिले दोन-तीनशे किलोमीटर, पकड जरा कमी असते. वळणावर सांभाळून जायचं, पुढच्या गाडीपासून लांब राहायचं, ब्रेक हळू दाबायचा. नवं रबर जाड असतं, त्यामुळे स्टिअरिंगही थोडं वेगळं लागतं. बावीस वर्षं टायरच्या धंद्यात आहे, प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे सांगतो. पण नव्या टायरने हात थरथरत नाहीत. हे मला माहीत होतं. खरी गोष्ट चुकीच्या जागी सांगितली की गिऱ्हाईक गप्प होतं, एवढंच मी शिकलो होतो.

थरथर येते ती बॅलन्सिंग बिघडल्यामुळे. कोणतंही चाक सगळीकडून सारख्या वजनाचं नसतं. म्हणून ते मशीनवर फिरवायचं, जड बाजू शोधायची आणि तिच्या समोर रिमवर, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकावर, छोटी वजनं चिकटवायची. मशीनवर शून्य आलं की चाक बरोबर. मॅडमच्या गाडीचं मी दोनदा शून्यावर आणून दिलं होतं. आठवड्याभरात ते पुन्हा बिघडत होतं.

आवाज ऐकून शेठ आतून बाहेर आले.

“काय झालं मॅडम?”

“तुमच्या लोकांनी माझं चाक बिघडवलंय. आधी असं होत नव्हतं.”

शेठ चाकाजवळ वाकलेसुद्धा नाहीत. “रिम वाकली असेल. भिला, इकडे ये रे!”

भिलाभाऊ आमच्याकडचे सगळ्यात जुने फिटर. वयाने माझ्यापेक्षा मोठे. टायर चढवायचं मशीन आलं त्याच्याही आधीपासून, हाताने टॉमी मारून, म्हणजे लोखंडी पट्टीने टायर उचलून ते बसवत आले. हात पुसत पुसत ते समोर आले.

“मॅडमची रिम वाकवली तू?”

“मना हातवरी रिम नही वाकनी, शेठ.”

“मग काय मी वाकवली? एवढं महागाचं अलॉय आणि तू टॉमी घातली असशील त्यात!”

“अलॉयले मी टॉमी लावत नही. इचारा साहेबले.”

साहेब म्हणजे मी, दुकानाचा मॅनेजर. भिलाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. शेठनी पाहिलं, मॅडमनीही पाहिलं. मी म्हणालो, “बघावं लागेल.”

“काय बघायचं?” शेठ म्हणाले. “भिला, उद्यापासून येऊ नको. मॅडम, आम्ही तुम्हाला नवी रिम मागवून देऊ.”

रिम वाकली आहे का, हे पाहायला पाच मिनिटं लागतात. एका माणसाची इतक्या वर्षांची नोकरी घालवायच्या आधी ती पाच मिनिटं कोणी घेतली नाहीत. शेठवर मी चिडलो, घरी जाताना मनातल्या मनात त्यांना बरंच काही बोललो. पण ती पाच मिनिटं मीही घेतली नव्हती. आणि त्याचं कारण मला माहीत होतं.

त्याच्या महिना-दीड महिना आधी एका काळ्या अलॉय, म्हणजे हलक्या मिश्रधातूच्या चाकाला आमच्याकडे ओरखडा पडला होता. नखाएवढा. त्या गिऱ्हाइकाने दुकान डोक्यावर घेतलं आणि शेठनी सगळ्यांसमोर मला झापलं. टायरची आतली कड, जी रिमवर घट्ट बसते, तिला बीड म्हणतात. ती चढवताना घासू नये म्हणून साबणाचं घट्ट पाणी लावायचं असतं. ते निसरडं असतं आणि नंतर वाळून जातं. मी भिलाभाऊंना म्हणालो, “अलॉयच्या गाड्यांना आता साबण नको. तेल लावा. भरपूर लावा. ओरखडा नकोय मला.”

डब्यात सरकीचं तेल होतं. शेजारच्या कॅन्टीनमधून आणलेलं.

भिलाभाऊ म्हणाले होते, “साहेब, साबण वाळी जास. तेल वाळत नही. तेल लावं ते टायर रिमवर फिरी जाई.”

“तुम्ही मला शिकवू नका,” मी म्हणालो होतो.

त्यांनी तेल लावलं. ओरखडा पडला नाही. अलॉयची चाकं आरशासारखी चकचकीत बाहेर जायला लागली आणि शेठ माझ्यावर खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमना फोन करून गाडी मागवली. पुढचं चाक काढून मशीनवर चढवलं आणि रिमच्या कडेला खडू टेकवून फिरवलं. रिम वाकलेली असती तर खडू कुठे लागला असता, कुठे सुटला असता. तो चारी बाजूंनी सारखा लागला. बाकीची तीन चाकंही तशीच निघाली. एकही रिम वाकलेली नव्हती.

बॅलन्सिंग पुन्हा शून्यावर आणलं. मग खडूने टायरवरून रिमवर अशी एक सरळ पांढरी रेघ ओढली. चारही चाकांना.

“हे काय?” मॅडमनी विचारलं.

“मॅडम, आज मी तुमच्याबरोबर चाळीसगावपर्यंत येतो.”

“कॉलेजात बसणार आहात माझ्या?”

“नाही. एसटीने परत येईन.”

शिरूड चौफुली सोडली, रस्ता मोकळा मिळाला. गाडी ऐंशीवर गेली. स्टिअरिंग शांत होतं. मॅडम म्हणाल्या, “आज तर बरी आहे.” मेहुणबाऱ्याच्या अलीकडे ऊस भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर शेतातून सरळ रस्त्यावर आला. मॅडमनी जोरात ब्रेक दाबला. गाडी थांबली, ट्रॉली गेली. पुढे निघालो तेव्हा स्टिअरिंग थरथरायला लागलं होतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडी बाजूला घेतली.

मी उतरून पुढच्या चाकाजवळ बसलो. टायरवरची रेघ एकीकडे होती, रिमवरची दुसरीकडे. मध्ये चार बोटांचं अंतर. दुसऱ्या बाजूलाही तसंच.

“म्हणजे काय झालं?” मॅडम माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“ब्रेक लागल्यावर रिम थांबली, टायर तिच्यावर घसरून पुढे फिरला. वजनं रिमला चिकटवलेली आहेत. टायर सरकला की ती चुकीच्या जागी येतात. म्हणून प्रत्येक वेळी बॅलन्सिंग बिघडत होतं.”

“टायर रिमवर का फिरेल?”

“आत तेल लावलंय.”

“कोणी?”

इथे मी ‘फिटरने’ म्हणू शकलो असतो. तेही खोटं ठरलं नसतं. तशी उत्तरं द्यायची मला चांगली सवय झाली होती.

“भिलाभाऊंनी लावलं,” मी म्हणालो. “मी सांगितलं म्हणून. ते नको म्हणत होते.”

मॅडमनी वाकून दोन्ही रेघा पाहिल्या. शेजारून गाड्या जात होत्या.

“काल त्या माणसाला माझ्यासमोर कामावरून काढलं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तिथेच उभे होतात.”

“हो.”

“माझ्या तोंडून तक्रार आली म्हणून काढलं. मी घरी जाऊन जेवले, झोपले. मला वाटलं, बरं झालं, बेजबाबदार माणूस गेला.” त्यांचा आवाज चढला. “तुम्ही मला यात कशाला घेतलंत, पाटील?”

चाळीसगावपर्यंत त्यांनी पन्नासच्या वर गाडी नेली नाही.

दुपारी दुकानात येऊन मी शेठना सगळं सांगितलं. इतर फिटर ऐकत होते. मुद्दाम त्यांच्यासमोरच सांगितलं.

शेठनी ऐकून घेतलं. “बरं. टायर उतरव, तेल पूस, साबण लावून परत चढव. विषय संपला.”

“आणि भिलाभाऊ?”

“काढलंय ना त्याला?”

“माझ्या चुकीसाठी काढलंय.”

“पाटील, एकदा काढलेला माणूस परत बोलावला तर बाकीचे उद्या डोक्यावर बसतील. आणि मॅडमना हे सांगू नको.”

“सांगितलं.”

शेठनी हातातला पेन टेबलावर आपटला. “तुला कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? गिऱ्हाइकाला कारण द्यायचं असतं. कारण दिलं होतं मी!”

कारण! एका माणसाला त्यांनी कारण म्हणून वापरलं होतं आणि मी त्याला तसं वापरू दिलं होतं. त्या महिन्यात तेल लावून गेलेल्या अलॉयच्या आणखी सात गाड्या होत्या. मी रजिस्टर काढलं आणि एकेकाला फोन लावून परत बोलावलं. शेठ बघत होते. मला काढतील असं वाटलं होतं, पण काढलं नाही. एवढ्या सगळ्या गाड्यांचं काम निस्तरायला माणूस लागणारच होता.

संध्याकाळी साक्री रोडमागच्या वस्तीत भिलाभाऊंच्या घरी गेलो. ओट्यावर बसले होते. वहिनींनी पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. मी सगळं सांगितलं. खडूची रेघ, चार बोटांचं अंतर, शेठ काय म्हणाले ते. त्यांनी मान हलवली. आश्चर्य वाटल्याचं काही दिसलं नाही.

“तुमले माहीत व्हतं,” ते म्हणाले.

“संशय होता.”

“मी सांगेल व्हतं तुमले. ते मग काल का बरं नही बोलनात?”

“घाबरलो, भाऊ.”

“कोनले? शेठले?” ते हसले. त्या हसण्यात गंमत नव्हती. “तो माले काढी सकस, तुमले नही काढत. तुम्हीन घाबरनात ते आम्हीन काय करो?”

मी माफी मागितली. “ऱ्हाऊ द्या” म्हणाले. माफ केलं असं म्हणाले नाहीत. मी शेठशी पुन्हा बोलतो म्हटल्यावर त्यांनी हातानेच नको म्हणून सांगितलं.

पंधरा दिवसांत त्यांना चाळीसगावला एका टायरच्या दुकानात काम मिळालं. सकाळच्या पॅसेंजर गाडीने जातात. मला हे दुसऱ्याच कोणाकडून कळलं. मॅडमचे टायर तोपर्यंत तसेच होते, कारण त्या दिवसानंतर त्यांनी गाडी आमच्याकडे आणलीच नव्हती, कॉलेजला बसने जात होत्या. मी त्यांना फोन केला आणि भिलाभाऊंच्या नव्या दुकानाचा पत्ता दिला.

त्यांनी गाडी तिकडे नेली. भिलाभाऊंनी चारही टायर उतरवले, बीड आणि रिम कोरडी पुसली, साबण लावून चढवले, बॅलन्सिंग केलं. दोन दिवस ब्रेक बेताने दाबा, साबण पूर्ण वाळू द्या, असं सांगितलं. एका रिमला चढवताना बारीक ओरखडा पडला. भिलाभाऊंनी स्वतः होऊन तो दाखवला. मॅडमनी मला नंतर फोनवर हे सांगितलं आणि वर म्हणाल्या, “त्यांनी दाखवला नसता तर मला दिसलाही नसता.”

शेठना हे कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “तिला त्याचा पत्ता कोणी दिला?”

“मी दिला,” मी म्हणालो.

ते आत निघून गेले. आमच्या दुकानात आता फक्त साबणाचं पाणी वापरतात. नवीन फिटर चांगला आहे, पण मी सांगेन त्याला तो लगेच हो म्हणतो, आणि त्याचीच मला भीती वाटते. तुम्ही नवे टायर बसवलेत आणि आठवड्याने गाडी थरथरायला लागली, तर दुकानदाराचं काही ऐकण्याआधी चारही चाकांना टायरपासून रिमपर्यंत खडूची एक रेघ ओढा आणि दोन दिवस गाडी चालवा. रेघ तुटलेली दिसली, तर फिटरला दोष देऊ नका. त्याला तसं करायला कोणी सांगितलं होतं, ते आधी विचारा.