कौसल्याबाईंचा खांदा

मलकापूरला रेल्वेतून उतरलो आणि एसटी बदलत बदलत, घाट चढून, दुपारी जानेफळला पोहोचलो. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं आणि उकाडा. माझा कॉलेजातला मित्र सुधाकर निवृत्तीनंतर इथे राहायला आला आहे. हौशी मंडळींसाठी त्याने मानवाकृती रेखाटनाचं शिबिर ठेवलं होतं आणि समारोपाला भाषण करायला मला बोलावलं होतं. रात्री त्याच्याकडे भाकरी आणि वांग्याचं झणझणीत भरीत खाऊन मी खुशीत झोपलो.

ती खुशी सकाळी संपली. भाजीचा मळा करणाऱ्या कौसल्याबाई मॉडेल म्हणून खुर्चीवर बसल्या होत्या. पाठीवर फवारणीचा पंप वाहून त्यांचा डावा खांदा खाली आला आहे. मंडळींनी मोबाईलवर त्यांचा फोटो काढला आणि तो पाहून रेखाटायला माना खाली घातल्या. समोर जिवंत बाई अवघडून बसलेली, आणि तिच्याकडे कुणी बघेना.

फक्त वैशाली बघत होती. ती मेहकरला एका कचेरीत कारकून आहे. तिची रेघ मानेपाशी बारीक होऊन तुटत होती आणि खांद्याखाली जाड, काळी होत होती. कोळशाची कांडी आडवी धरून तिने काखेत अशी सावली भरली होती की त्या पंपाचं ओझं मला माझ्या पाठीवर जाणवलं.

सुधाकर आला. एक शब्द न विचारता त्याने खोडरबराने तो खांदा पुसला, सरळ काढला आणि कापसाने सावली घोटून गुळगुळीत केली. माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत मी त्याला म्हणालो, की दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा तुला काय अधिकार? तो म्हणाला, बाईमाणूस जरा नीटनेटकं दिसावं.

कौसल्याबाई उठून बघायला आल्या. त्या माझी बाजू घेतील असं मी धरूनच चाललो होतो.

"असू द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "मले सरळच आवडला."

वैशाली मात्र शांतपणे म्हणाली, "मावशी, तुमच्यासाठी सरळ खांद्याचं वेगळं काढून देतो (देते). पण हे मी पाह्यलं तसंच राहू द्या. बसता का अजून थोडं?"

बाई खुर्चीकडे वळल्या. "हाव (हो), बसतो. तू मायाकडे पाहून तरी राह्यली (माझ्याकडे बघते तरी आहेस)."

वैशालीने पुसलेल्या जागीच खांदा पुन्हा काढला. या वेळी रेघ आधीपेक्षा काळी आली.

संध्याकाळी समारोपाच्या प्रदर्शनात ते चित्र नव्हतं. ते लागल्याशिवाय बोलणार नाही, असं मी सांगून टाकलं. सुधाकरने ते लावलं, पण दाराआड. मग मीही दाराशी उभा राहूनच बोललो. ऐकणाऱ्यांना तिकडे वळावंच लागलं. कौसल्याबाई सरळ खांद्याचं चित्र पदराखाली धरून पुढच्या रांगेत बसल्या होत्या.

परतीच्या गाडीतही माझा राग उतरला नव्हता. बाईंना खांदा सरळ हवा होता, तो त्यांचा हक्क. वैशालीला वाकलेला हवा होता, तो तिचा. वैशालीने बाईंना विचारलं, बाई कबूल झाल्या. सुधाकरने दोघींपैकी कुणालाच विचारलं नाही, आणि त्याला तो शिकवणं म्हणतो.